उणे साडेसात नंबर आणि बर्फावरचा गॉगल

माझ्या डाव्या डोळ्याचा नंबर उणे साडेसात, उजव्याचा उणे सात, आणि दोन्हींत सव्वादोनच्या आसपास सिलिंडर, म्हणजे ठरावीक कोनातच बसवावा लागणारा नंबर. वय सेहेचाळीस. चष्मा काढला की टेबलापलीकडच्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. आमच्या ट्रेकच्या ग्रुपने फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचं ठरवलं, तेव्हा बाकीचे जॅकेट, हातमोजे आणि बुटांच्या मापांच्या मागे लागले. मला त्या सगळ्याची काळजी नव्हती, ते तिथे भाड्यानेही मिळतं. मला काळजी होती ती डोळ्यांवर काय घालायचं याची.

आधी जाऊन आलेल्यांना विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर एकच : "गॉगल तिथे मिळतो, चष्म्यावर घालायचा, झालं." हे सांगणाऱ्यांपैकी कुणालाच चष्मा नव्हता. भाड्याचा गॉगल बिनचष्म्याच्या चेहऱ्यासाठी केलेला असतो. त्याच्या कडेचा स्पंज गालाला आणि कपाळाला चिकटून बसतो, चष्म्याच्या काड्यांना बाहेर पडायला जागाच नसते. जबरदस्तीने घातला तर काड्या कानशिलात रुततात, स्पंज उचलला जातो आणि त्या फटीतून वारा थेट डोळ्यात. ज्यांचा नंबर एक-दीड आहे ते सरळ चष्मा खिशात ठेवून मोकळे होतात. माझ्यासारख्यांनी तसं करणं म्हणजे स्वतःच्या आणि उतारावरच्या इतरांच्या जिवाशी खेळ आहे. म्हणून मी जाण्याच्या बऱ्याच आधीपासून या कामाला लागले. ती सगळी खटपट इथे लिहिते आहे, कारण मला हवी होती तेव्हा ती मराठीत कुठे सापडली नाही.

गॉगल लागतोच का, इथपासून सुरुवात करते. आपल्याकडे उन्हाचा चटका म्हणजे मे महिना, त्यामुळे थंडीतल्या उन्हाची भीती आपल्या अंगवळणी नाही. पण अतिनील किरणं तापमानाकडे बघत नाहीत. दर हजार मीटर उंचीला त्यांचं प्रमाण साधारण दहा टक्क्यांनी वाढतं, आणि ताजा बर्फ त्यातली 80 टक्क्यांपर्यंत किरणं परत वर फेकतो. गुलमर्गचं पठार सुमारे 2,650 मीटरवर आहे आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर जवळजवळ 3,950 मीटरपर्यंत नेतो. म्हणजे टोपीने अडवावं असं ऊन वरून येतं जवळजवळ तितकंच खालूनही येतं. उघड्या डोळ्यांनी दिवस काढला तर बुबुळाचा पृष्ठभाग भाजतो. त्रास लगेच होत नाही, काही तासांनी, बहुतेकदा रात्री सुरू होतो : डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाण्याच्या धारा लागतात, उजेड सहन होत नाही. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी फार पूर्वीच यावर उपाय शोधला होता. लाकडाची, हाडाची किंवा हस्तिदंताची पट्टी, तिला डोळ्यांपुढे फक्त एक बारीक आडवी चीर. चिरेतून उजेड कमी येतोच, शिवाय बारीक फटीतून पाहिल्यावर उणे नंबर असलेल्या माणसाला दूरचंही जरा स्पष्ट दिसतं. आपण डोळे किलकिले करून बसचा नंबर वाचतो, त्यामागे हेच शास्त्र आहे.

पहिली पायरी गॉगलच्या दुकानाची नव्हती, डोळ्यांच्या डॉक्टरांची होती. आणि हे मी प्रत्येक जास्त नंबरवाल्याला आवर्जून सांगते. उणे सहाच्या पुढे नंबर गेला की डोळ्याचा गोळा लांबलेला असतो आणि आतला पडदा ताणलेला. असा पडदा फाटण्याची किंवा सुटण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. शिकाऊ माणूस स्कीइंग करताना दिवसभर पडत असतो. डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, कपाळावरचा दिवा लावून पडद्याच्या पार कडेपर्यंत पाहिलं. "वर बघा, उजवीकडे, आता खाली उजवीकडे" असं घड्याळाच्या आकड्यांसारखं सगळीकडून. पडदा कुठे विरला असेल तर आधी लेझर करून घेतात. माझा ठीक निघाला. तरी त्यांनी बजावलं, की डोळ्यापुढे विजा चमकल्यासारखं झालं, अचानक काळे ठिपके तरंगायला लागले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर सहल अर्धी टाकून सरळ श्रीनगरच्या रुग्णालयात जायचं. रात्र काढायची नाही.

त्यांनाच मी लेझरने नंबर घालवण्याबद्दलही विचारलं. त्या म्हणाल्या, ते करायचं तर आयुष्यभरासाठी करायचं, आठ दिवसांच्या सहलीसाठी नाही, आणि माझ्या बुबुळाची जाडी पाहता त्या मला तो सल्ला देणारच नव्हत्या. मग त्यांनी बेक वेदर्सची गोष्ट सांगितली. या अमेरिकन डॉक्टराने बुबुळाला चिरा पाडून नंबर घालवण्याची जुन्या पद्धतीची शस्त्रक्रिया करून घेतली होती. 1996 च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर, अतिउंचीवरच्या विरळ हवेत, त्याच बुबुळांचा आकार बदलला आणि त्याला दिसेनासं झालं. हल्लीच्या लेझर शस्त्रक्रियेचं तसं नसतं. पण उंचीवर जाणाऱ्याने आपल्या डोळ्यावर पूर्वी काय झालं आहे ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे.

आता मुद्द्याचं. नंबरवाल्यांसमोर मुख्य वाटा तीन : चष्म्यावर बसेल असा मोठ्या पोटाचा गॉगल, कॉन्टॅक्ट लेन्स घालून साधा गॉगल, किंवा गॉगलच्या आत बसणारी छोटी नंबरची फ्रेम, म्हणजे इन्सर्ट. चौथी वाट आहे ती गॉगलच्या काचेतच नंबर घालून घेण्याची. ते काम परदेशात काही ठिकाणी करतात, पण भलीमोठी वळलेली काच आणि माझा नंबर यांचं जमत नाही, म्हणून ती मी लगेच सोडली. नंबरचे वळणदार सनग्लास हा पर्याय निरभ्र दिवशी सपाट भागात चालेल. वारा आणि उडता बर्फ आला की त्याचा उपयोग संपतो.

चष्म्यावरचे गॉगल ओटीजी या नावाने मिळतात. त्यांची खोली जास्त असते आणि दोन्ही बाजूंच्या स्पंजाला काड्यांसाठी खाचा दिलेल्या असतात. डेकॅथलॉनच्या वेडझे या मालिकेत हे आहेत, स्मिथ, युव्हेक्स, जिरो यांचेही आहेत. मी एक उसना आणला. घरात आरशासमोर उत्तम बसला. पण आरशासमोर सगळेच उत्तम बसतात. मला बघायचं होतं ते वाफेचं.

त्यासाठी मी सिंहगड निवडला. डिसेंबरमध्ये उजाडता उजाडता आतकरवाडीतून चढायला लागलं की पायथ्याला चांगलीच थंडी असते आणि अर्ध्या वाटेत पाठ घामाने भिजते. स्कीइंगमध्येही नेमकं हेच होतं : अंग तापतं, बाहेर गार. शिवाय चढताना चाल मंद, म्हणजे गॉगलच्या छिद्रांतून वारा खेळत नाही. ही परीक्षा बर्फावरच्यापेक्षा एका अर्थी कडक आहे. हेल्मेट, चष्मा, त्यावर गॉगल असा सगळा साज चढवून निघाले. पहिल्या वळणांपर्यंत ठीक होतं. मग चष्म्याच्या काचांच्या खालच्या कडेला पांढुरकी रेघ उमटली, बघता बघता वर सरकत गेली, आणि ताकवाल्या मावशींच्या पहिल्या टपरीपाशी पोचेपर्यंत मला पायऱ्यांच्या कडा दिसेनाशा झाल्या. गंमत म्हणजे गॉगलची काच स्वच्छ होती. वाफ धरली होती ती फक्त आतल्या चष्म्यावर.

थोडा विचार केल्यावर कारण कळलं. गॉगलची काच दुहेरी असते, दोन थरांमध्ये हवा कोंडलेली, म्हणून आतला थर फार गार पडत नाही. त्या आतल्या थरावर वाफ न धरणारा लेपही असतो. चष्म्याला यातलं काहीच नाही. तो मधोमध उभा राहून हवेची वाट मात्र अडवतो. चेहऱ्याची ओली, गरम हवा चष्म्यामागे साठते, आणि भिंग तिच्यापेक्षा थोडं जरी गार असलं तरी पाणी त्याच्यावर उतरतं. पुढच्या रविवारी चष्म्याला वाफ न धरणारं द्रावण लावून पुन्हा चढले. फरक पडला, पण वर पोचेपर्यंत तो टिकला नाही.

दुसरी अडचण माझ्या वयाची. माझा रोजचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, वर दूरचं आणि खाली वाचायचं. स्की करताना नजर सतत समोरच्या दोन-तीन मीटरवर, म्हणजे भिंगाच्या खालच्या भागातून जाते, आणि तिथे वाचायचा नंबर बसलेला असल्याने नेमकी तीच जमीन धूसर दिसते. बर्फासाठी फक्त दूरच्या नंबरचा चष्मा हवा, हे चाळिशीच्या पुढच्यांनी पक्कं लक्षात ठेवावं. आणि उन्हात काळ्या होणाऱ्या काचांचा आत काही फायदा नाही, कारण त्यांना काळं करणारी अतिनील किरणं गॉगलची काच बाहेरच अडवते.

मग कॉन्टॅक्ट लेन्स. माझ्या बहिणीच्या मते हाच एक शहाणा मार्ग. ती वर्षानुवर्षं लेन्स घालते आणि तिचं म्हणणं खोटं नाही : कडेचं सगळं दिसतं, वाफेचा प्रश्न नाही, हवा तो गॉगल घाला. मी रोज फेकायच्या लेन्स आजमावल्या. सिलिंडर असल्यामुळे टोरिक लागतात. त्या डोळ्यात फिरू नयेत म्हणून खालच्या बाजूला जरा जड केलेल्या असतात. चष्म्यात माझा उणे साडेसात असलेला नंबर लेन्समध्ये उणे पावणेसात-सातवर येतो, कारण भिंग डोळ्याला चिकटलं की तेवढी ताकद लागत नाही. या अंतराच्या हिशोबाचं महत्त्व मला पुढे इन्सर्टच्या वेळी आणखी कळलं.

लेन्सने दिसत छान होतं. पण दुपारनंतर डोळे कोरडे पडून पापणी मिटली की लेन्स किंचित सरकायची आणि सिलिंडरचा कोन चुकून सगळं क्षणभर पाझरल्यासारखं दिसायचं. पुण्याच्या हवेत हे, तर गुलमर्गच्या कोरड्या थंडीत काय होणार? दुसरं, लेन्स घालायला स्वच्छ, कोरडे, ऊबदार हात लागतात, आणि नळाचं पाणी लेन्सला अजिबात लागू द्यायचं नसतं, त्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे बुबुळाला वाईट संसर्ग होऊ शकतो. तिसरं, आम्हा उणे नंबरवाल्यांचं एक सुख असतं : चष्मा काढला की नाकाजवळ धरून सुईसुद्धा ओवता येते. लेन्स घातल्यावर ते जातं आणि वाचायचा चष्मा वेगळा बाळगावा लागतो. ज्यांना लेन्सची सवय आहे, सिलिंडर कमी आहे, त्यांनी खुशाल लेन्स घालाव्यात. डोळ्यावर लेन्स गोठते वगैरे ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नये, डोळ्याची ऊब आणि अश्रू ते होऊ देत नाहीत. मी मात्र थोड्या लेन्स फक्त अडीअडचणीसाठी सोबत घ्यायचं ठरवलं.

राहिला इन्सर्ट. हा दोन प्रकारचा मिळतो. एक, ठरावीक गॉगलच्या फ्रेमला क्लिपने बसणारा. दुसरा, कोणत्याही गॉगलमध्ये चालणारा : लवचिक तारेसारख्या पट्टीवर दोन छोट्या गोल फ्रेमा, आणि पट्टी आपल्याच ताणाने गॉगलच्या कडेत अडकून बसते. मी दुसरा घेतला, कारण गॉगल बदलला तरी तो फुकट जात नाही. गॉगल बाहेरून चुंबकाने काच बदलता येते असा घेतला. हे नंतर फार उपयोगी पडलं, काच बदलताना आतल्या इन्सर्टला हात लावावा लागत नाही.

भिंगं बसवून घ्यायला एका मोठ्या, चकचकीत दुकानात दिलं. चार दिवसांनी आणून घातलं, तर दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं. दिसत होतं स्पष्ट, पण डोळे बाहेरच्या बाजूला कुणी ओढतंय असं वाटायचं. दुकानात गेले तर काउंटरवरच्या मुलाने "नवीन आहे ना मॅडम, सवय होईल" म्हणून बोळवण केली. सवय होईना, तेव्हा आमच्या जुन्या पेठेतल्या चष्मेवाल्या काकांकडे गेले. त्यांनी माझ्या लहानपणापासूनचे नंबर बघितलेत.

काकांनी इन्सर्ट नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवला, हिरवी रेघ जुळवली आणि यंत्राच्या तीन टोकांनी भिंगावर शाईचे तीन ठिपके उमटवले. मधला ठिपका म्हणजे भिंगाचं केंद्र. दुसऱ्या भिंगावरही तसेच. मग पट्टी लावून दोन मधल्या ठिपक्यांतलं अंतर मोजलं : 66 मिलिमीटर. माझ्या दोन बाहुल्यांमधलं अंतर 62. "चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? उणे दोनला चालून गेलं असतं. तुझ्या नंबरला नाही," म्हणाले. हिशोब सोपा आहे : केंद्र जितके सेंटिमीटर सरकलं, त्याला नंबराने गुणायचं. 0.4 गुणिले साडेसात, म्हणजे तीन प्रिझम. प्रिझम हे भिंगामुळे चित्र किती बाजूला सरकतं त्याचं माप. दोन डोळ्यांनी एक चित्र दिसावं म्हणून डोळ्यांना सतत बाहेर वळायला लागणार, आणि बाहेर वळण्याची डोळ्यांची ताकद मुळातच थोडी.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. "हेल्मेट आणलंयस का? घाल सगळं." मला खुर्चीत बसवून गॉगल घालायला लावला, बाहेरची काच काढली, आणि बाजूने बारीक पट्टी धरून भिंग डोळ्यापासून किती लांब बसतंय ते पाहिलं. माझ्या चष्म्यात हे अंतर साधारण 12 मिलिमीटर, इन्सर्टमध्ये 20. उणे नंबरचं भिंग डोळ्यापासून लांब गेलं की त्याचा जोर कमी पडतो. आठ मिलिमीटरच्या फरकाला डाव्या डोळ्यासाठी उणे साडेसातऐवजी उणे आठ लागतो, उजव्यालाही जवळपास अर्ध्याची भर. चारच्या आतल्या नंबराला या हिशोबाने फारसं बिघडत नाही. त्याच्या पुढे मात्र कागदावरचा नंबर जसाच्या तसा इन्सर्टमध्ये घालू नये. गॉगल डोक्यावर असतानाच अंतर मोजायला हवं.

भिंगं पॉलीकार्बोनेटची करायची, यावरही काका ठाम होते. जास्त नंबरवाल्यांना पातळ हाय इंडेक्स काचेचा मोह असतो. पण इन्सर्टची फ्रेम एवढी लहान की जाडी फारशी जाणवतच नाही, आणि तोंडावर पडल्यावर डोळ्यापुढचं भिंग फुटू नये हे पातळपणापेक्षा महत्त्वाचं. नवीन इन्सर्ट घेऊन परत सिंहगड चढले. भिंगांच्या आतल्या कडेला थोडी वाफ आली, उभी राहिले, वाऱ्याकडे तोंड केलं, गेली. तेवढ्यावर मी समाधानी होते.

काचेच्या रंगाबद्दल फार लिहीत नाही, पण आकडा बघायला शिका. गॉगलवर एस-शून्य ते एस-चार अशी श्रेणी असते, आंतरराष्ट्रीय मानकातली. एस-तीनमधून 8 ते 18 टक्के उजेड आत येतो, ती लख्ख उन्हासाठी. एस-एकमधून 43 ते 80 टक्के, ती ढगाळ हवेसाठी. दुकानात आरशासारखी चमकणारी एस-तीन सगळ्यांना आवडते. मी गुलाबी झाकेची एस-एकही घेतली, आणि दोघींत तीच जास्त मोलाची ठरली.

गुलमर्गला पोचलो तेव्हा चिल्ला-ए-कलानचे, म्हणजे काश्मीरमधल्या कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस संपले होते, तरी रात्री पारा शून्याच्या दहा-दहा अंश खाली. टंगमर्गपासून गाड्यांच्या चाकांना साखळ्या बांधलेल्या. आमचे प्रशिक्षक तिथलेच, फेरन (काश्मिरी लांब अंगरखा) काढून जॅकेट चढवलेले, वयाने माझ्यापेक्षा लहान पण बोलणं अगदी अदबीचं. पहिल्या सकाळी त्यांनी माझा गॉगल हातात घेऊन उलटा-सुलटा केला, आतल्या भिंगांवर बोट न लावता नीट पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, ये अच्छा किया. चश्मेवाले लोग आधा दिन तो पोंछने में निकाल देते हैं."

पुसण्याबद्दलच त्यांनी पहिला धडा दिला. गॉगलच्या आत बर्फ गेला तर झटकायचा, हातमोज्याने पुसायचा नाही, ओला असताना आतला लेप नखाच्या हलक्या स्पर्शानेही निघतो. गॉगल कपाळावर ढकलायचा नाही, कपाळाचा घाम आणि ऊब थेट आत भरते. गोंडोलाच्या डब्यात सहा माणसांचा श्वास कोंडलेला असतो, तिथे गॉगल काढून कोटाच्या आत घ्यायचा नाही, डोळ्यांवरच ठेवायचा. आणि नाकावरून ओढलेला बफ (गळ्यात घालायचा नळीसारखा रुमाल) गॉगलच्या आत खोचायचा नाही, नाहीतर प्रत्येक उच्छ्वास वरच्या दिशेने काचेवर जातो. हे शेवटचं मी घरी कितीही वाचलं असतं तरी समजलं नसतं. तिथे बफ अर्धा इंच खाली ओढला आणि भिंगं स्वच्छ झाली.

शिकाऊ लोकांचा उतार पठारावरच आहे. निळं आकाश असताना एस-तीनमधून बर्फावरची प्रत्येक सुरकुती दिसत होती. एका दुपारी ढग उतरले आणि चार-पाच मिनिटांत सगळा प्रकाश सपाट झाला. आकाश पांढरं, जमीन पांढरी, मध्ये क्षितिज नाही. सावलीच नसल्यामुळे उंचवटा की खळगा हे कळेना. मी उभी होते, तरी आपण घसरत चाललोय असं वाटून पोटात ढवळलं. काठी बर्फात रोवली तेव्हा खात्री पटली की आपण जागेवर आहोत. गुलाबी काच खिशातून काढली, चुंबकाने टक् करून बसवली, आणि पुढच्या माणसाच्या स्कीचा माग पुसट करड्या रेषेसारखा दिसायला लागला. दूरचं नाही, तरी दहा-पंधरा पावलांचं दिसलं, आणि शिकणाऱ्याला तेवढं खाली उतरायला पुरतं.

इन्सर्टच्या उणिवाही सांगायला हव्यात. भिंगं लहान असल्यामुळे कडेला धूसर पट्टा राहतो. निघण्यापूर्वी वर आणि खाली बघून घ्यायचं, हा स्कीइंगचा जगभरचा नियम आहे. मला त्यासाठी नुसती नजर फिरवून चालत नाही, मान पूर्ण वळवावी लागते. सवयीने ते जमतं. दुसरं, गॉगल काढला की मी आंधळी. म्हणून चष्मा कडक डबीत घालून जॅकेटच्या आतल्या खिशात, डाव्या बाजूला, रोज त्याच जागी. जेवणाच्या खोपटात शिरताना दाराशीच अदलाबदल करायची. आत बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, धडधडत असते आणि कहव्याची वाफ. गार चष्मा घालून गेलं की तो आधी पांढरा होतोच, मग थोडं थांबायचं. गॉगल बुखारीजवळ सुकायला टांगायचा नाही, उष्णतेने लेप आणि स्पंज दोन्ही खराब होतात. खुंटीवर, खोलीच्या गार कोपऱ्यात.

आमच्यात नागपूरचा एक मुलगा होता, नंबर उणे दोन. त्याने ओटीजी गॉगल आणि आत लहानशी जुनी प्लॅस्टिकची फ्रेम घातली. त्याचं सगळं व्यवस्थित चाललं. जरा वाफ धरली तर तो थांबून वाऱ्याकडे तोंड करायचा. "ताई, मला तुमच्याएवढा खर्च कशाला?" म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. उणे दोनला चष्म्यावर वाफ आली तरी काठावरून अंदाज येतो. त्याच्या चष्म्याची फ्रेम गॉगलपेक्षा चांगली अरुंद होती, भिंग गॉगलच्या काचेला आतून घासत नव्हतं. या दोन गोष्टी जुळल्या तर ओटीजीसारखं सोपं काही नाही. माझी बहीण आली असती तर लेन्स घालून मजेत फिरली असती. हॉटेलच्या खोलीत मात्र तिला लेन्सचं द्रावण पांघरुणात घेऊन झोपावं लागलं असतं, आमच्या खिडकीतली पाण्याची बाटली सकाळी गोठलेली असायची.

पुढच्या जानेवारीत माझी भाची येणार आहे, वय तेरा, नंबर उणे तीन. तिच्या आईने विचारलं, लेन्स द्यायच्या का? डॉक्टरीणबाईंचं म्हणणं पडलं की लेन्सची सवय सहलीच्या निमित्ताने लावू नये, स्वच्छता आधी अंगी बाणली पाहिजे. तेव्हा तिला मुलांच्या मापाचा ओटीजी गॉगल घेतलाय, एस-दोनच्या काचेचा, कारण एकच काच न्यायची तर मधली बरी. आता तिच्या जुन्या, लहान फ्रेमची रुंदी गॉगलच्या आतून मोजायची आहे. महिनाअखेरीला डोळ्यांची तपासणी आहे, नंबर बदलला तर त्याच फ्रेममध्ये पॉलीकार्बोनेटची नवी भिंगं बसवायची, असं काकांशी बोलून ठेवलंय. हेल्मेट आणि गॉगल घेऊन तिलाच दुकानात पाठवा म्हणालेत.